होमाच्या ज्वाळेतील कुंभारकन्या

सोलापूरच्या नवी पेठेतून पायी निघालेल्या माणसास थोड्याच वेळात भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि त्यांच्या शेजारचे विस्तीर्ण मोकळे पटांगण लागते. 'पेठ' म्हणजे मूळ गावाला लागून व्यापाऱ्यांसाठी वसवलेली वस्ती, आणि नवी पेठ आजही आपल्या नावाला जागून कापडचोपड, भांडीकुंडी आणि सणासुदीच्या खरेदीत गढलेली असते. त्या पटांगणाचे नाव मात्र व्यापारातून आलेले नाही. त्याला 'होम मैदान' म्हणतात. जानेवारीत तेथे भरणाऱ्या गड्डा यात्रेमुळे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेमुळे, पाळणे, खेळणी आणि खाद्यपदार्थ यांच्याशी हे नाव लोकांच्या मनात जोडले गेले आहे. परंतु ज्या होमावरून ते पडले, तो होम एका मुलीच्या अग्निप्रवेशाचे वार्षिक स्मरण आहे, ही गोष्ट गर्दीच्या ध्यानात असतेच असे नाही.

या स्मरणाची पार्श्वभूमी बाराव्या शतकातील शरण चळवळीत आहे. 'शरण' म्हणजे शिवाला शरण गेलेला भक्त. कल्याण, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथे बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी जातिभेद नाकारला, देवळातल्या मूर्तीऐवजी अंगावर धारण करण्याचे इष्टलिंग स्वीकारले, कष्टाच्या कामाला पूजेचा दर्जा दिला आणि 'वचन' नावाचा गद्याजवळ जाणारा लयबद्ध कन्नड रचनाप्रकार घडवला. त्या काळी सोन्नलिगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरचे सिद्धराम हे या मंडळातील एक थोर नाव होय. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त असलेल्या सिद्धरामांनी येथे तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, आणि पुढे अल्लमप्रभूंच्या प्रेरणेने ते कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, दाखल झाले, असे परंपरा सांगते. राघवांक या कन्नड कवीने त्यांच्यावर स्वतंत्र चरित्रकाव्य रचले. लोककल्याणाचे काम करणारा विरक्त योगी हे सिद्धरामांचे रूप या सर्व परंपरेत ठळक आहे, आणि कुंभारकन्येच्या कथेतील पेच नेमका त्या विरक्तीतून निर्माण होतो.

कथा थोडक्यात अशी. गावातील एका कुंभाराची मुलगी रोज सिद्धरामांच्या दारी सडा घालून रांगोळी काढीत असे. तिने मनाने त्यांना वरले आणि विवाहाची इच्छा बोलून दाखवली. आपण संसारात पडणार नाही, असे सांगून सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी, म्हणजे योगी जवळ बाळगतो त्या दंडाशी, विवाह करण्याची अनुमती दिली. तो विवाह झाला आणि त्यानंतर ती अग्नीत गेली. एवढीच ही कथा आहे. मुलीचे वय, तिच्या घरच्यांचे म्हणणे, अग्नीत जाण्याचे कारण यांपैकी काहीही त्यात येत नाही. यात्रेच्या भाषेतही ती फक्त 'कुंभारकन्या' म्हणून वावरते. कथेचा ऐतिहासिक पाया किती, हा प्रश्न येथे गौण मानावा लागतो, कारण ही कथा ग्रंथापेक्षा विधीतून अधिक टिकली आहे आणि विधीची साक्ष वेगळ्या रीतीने वाचावी लागते.

यात्रेचा क्रम पाहिला की त्या विधीचे नाट्य उलगडते. पहिल्या दिवशी, उत्तर कसब्यातील हिरेहब्बू या मानकरी घराण्याच्या वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना भेट देतात आणि लिंगांना तैलाभिषेक होतो. कन्नडमध्ये या विधीला 'यण्णीमज्जन', म्हणजे तेलाचे स्नान, म्हणतात. नंदीध्वज म्हणजे सजवलेली उंच आणि जड काठी, आणि ती योगदंडाचे प्रतीक मानली जाते. ती पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा, घालतात. दुसरा दिवस भोगीचा. त्या दिवशी तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर कन्नड संमतिवचने म्हटली जातात, 'हर्र बोला हर्र'चा गजर होतो आणि जमलेला अफाट समुदाय अक्षता टाकतो. शहरातील लोक त्याला 'अक्षता सोहळा' म्हणतात आणि घरचे लग्न असल्यासारखे त्याला जातात. ज्या लग्नात वर दंडरूपाने उभा आहे आणि वधू कोठेच दिसत नाही, त्या लग्नाला सारे गाव वऱ्हाडी होते, हे दृश्य एकदा नीट विचारात घेतले की त्याचे वेगळेपण लपत नाही.

वधू दिसते ती तिसऱ्या दिवशी. संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, मणीमंगळसूत्र घालून, तिला कुंभारकन्येचे प्रतीक मानून होमकुंडात ठेवतात आणि अग्नी देतात. विधीचे नाव 'होम प्रदीपन', म्हणजे होम पेटवणे. याच रात्री देशमुख घराण्याच्या, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराला आणून त्याच्या हालचालींवरून आणि ते काय खाते यावरून येत्या वर्षाचा पाऊस, पीक आणि बाजारभाव यांचे भाकीत केले जाते, आणि त्याला 'भाकणूक' म्हणतात. होम आणि भाकणूक लागोपाठ येतात, हा योगायोग मानणे कठीण आहे. बाजरी हे या कोरड्या मुलखाचे धान्य. ते कापून त्याची पेंढी वधूच्या वेषात जाळायची आणि लगेच पुढच्या पिकाचे भविष्य विचारायचे, या क्रमात शेतीच्या एखाद्या जुन्या विधीवर शरण संताची कथा नंतर बसवली गेली असावी, असा तर्क करता येतो. तो सिद्ध करता येत नाही, पण तो मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच: त्या विधीला अर्थ देण्यासाठी या गावाने जी कथा निवडली, ती एका मुलीने स्वतःहून पत्करलेल्या मरणाची निवडली.

या मरणाला लोक 'सती जाणे' म्हणतात, आणि येथे शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. मराठीत सती म्हटले की मृत पतीच्या चितेवर चढलेली विधवा डोळ्यांसमोर येते. तिच्या स्मरणाची रूढ रीतही ठरलेली आहे: गावाबाहेर उभी असलेली सतीशिळा, तिच्यावर कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात, आणि स्मृती अक्षय राहावी म्हणून वर कोरलेले चंद्र-सूर्य. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मागे १७७२ मध्ये थेऊर येथे सती गेलेल्या रमाबाईंचे वृंदावन तेथे आहे, आणि तेथे जाणाऱ्याला तिचे नाव, कूळ आणि पती ठाऊक असतात. कुंभारकन्या या चौकटीत बसत नाही. तिचा वर योगदंड होता, तो दंड ज्यांचा ते सिद्धराम हयात होते, म्हणजे ती विधवा झालेलीच नव्हती. देवराला येथील सतीच्या घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या सतीप्रतिबंधक कायद्याने सतीची जी व्याख्या केली आहे, तीतही मृत पती किंवा आप्त आणि विधवा किंवा अन्य स्त्री यांचा संबंध गृहीत आहे. ही कथा त्या व्याख्येबाहेर राहते.

मग 'सती' हा शब्द येथे कोठून आला? त्याची दोन उगमस्थाने संभवतात. पहिले शैव पुराणकथेतील: दक्षाच्या यज्ञात पतीचा अपमान सहन न होऊन देहत्याग करणारी दाक्षायणी हीच मूळ सती, आणि तीही विधवा नव्हती. दुसरे शरणांच्या स्वतःच्या परिभाषेतील. 'शरण सती, लिंग पती' हे वीरशैवांचे सूत्र आहे: भक्त, मग तो पुरुष असो वा स्त्री, पत्नीच्या जागी, आणि शिवलिंग पतीच्या जागी. या भाषेत 'सती' म्हणजे एकनिष्ठ भक्त, त्यात मरणाचा लवलेश नाही. कुंभारकन्येचा योगदंडाशी विवाह या सूत्राचे मूर्त रूपच होते, आणि त्या अर्थाने ती अक्षतांच्या दिवशीच सती झालेली होती, होमाची गरज नव्हती. शब्दाचा एक अर्थ दुसऱ्यावर चढला आणि भक्तीची सती चितेची सती बनली, असे घडले असण्याची शक्यता सर्वांत अधिक वाटते. तसे असेल तर या मुलीचा मृत्यू काही अंशी भाषेनेच घडवला, असे म्हणावे लागेल.

लग्नांची तुलना केली तर आणखी एक बाजू दिसते. कल्याणात, परंपरेप्रमाणे, चांभार जातीतून आलेल्या हरळय्यांच्या मुलाचा आणि ब्राह्मणातून शरण झालेल्या मधुवय्यांच्या मुलीचा विवाह झाला, तेव्हा राजा बिज्जळाने दोन्ही वडिलांना देहान्त शिक्षा दिली, त्यातून उठाव झाला, ११६७ च्या सुमारास बिज्जळाची हत्या झाली आणि शरण मंडळ पांगले. एका विवाहाने एक राजधानी उद्ध्वस्त केली. त्याच चळवळीतील सोन्नलिगेच्या कुंभाराच्या मुलीचा विवाह मात्र शतकानुशतके सणासारखा साजरा होत राहिला. दोहोंतील फरक उघड आहे: कल्याणचा विवाह दोन देहांचा होता, त्यात जात मोडत होती, सोलापूरचा विवाह दंडाशी होता आणि वधू दुसऱ्याच दिवशी राख झाली, त्यामुळे कोणाचीच व्यवस्था बिघडली नाही. कुंभार गुंडय्यासारख्या संताला मान देणाऱ्या शरण चळवळीतील कथेतही कुंभाराच्या मुलीला संसार मिळाला नाही, ही टीका कथेवरची आहे, सिद्धरामांवरची नव्हे. कथा घडवणारे लोक नंतरचे असतात.

शरणांमध्ये मृत्यूला 'लिंगैक्य' म्हणतात, म्हणजे लिंगाशी एकरूप होणे. स्वतः बसवेश्वरांचा अंत कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कूडलसंगम येथे झाला, आणि अनुयायी त्याला ऐक्य मानतात. नंतरच्या जैन कथनांत त्यांनी स्वतःचे जीवन संपवल्याचे सांगितले गेले. दोन्ही पक्षांना आपापला हेतू होता, एकाला गुरूचा अंत पवित्र हवा होता, दुसऱ्याला प्रतिपक्षाचा अंत दीनवाणा दाखवायचा होता, आणि त्या दोहोंमध्ये कल्याण कोसळताना पाहिलेल्या एका माणसाची मनःस्थिती मात्र कोणीच नोंदवली नाही.

सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपूर आणि मंगळवेढे येथे, वारकरी चळवळीने अशा मरणाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी घेतलेल्या समाधीला 'संजीवन समाधी' म्हणतात, आणि तिचे जे वर्णन नामदेवांच्या नावावरील अभंगांत आहे त्यात उत्सव कमी आणि आकांत अधिक आहे. भावंडे, सोबती, देव स्वतःही शोक करतो. हा शोक वारकरी परंपरेचा मोठेपणा मानला पाहिजे. त्यानंतर वर्षभरातच सोपान, मुक्ताई आणि निवृत्तिनाथ हेही गेले. १३५० मध्ये पंढरपूरच्या महाद्वारी नामदेव आपल्या कुटुंबीयांसह समाधिस्थ झाले, असे परंपरा मानते, आणि विठ्ठलाकडे जाणारा प्रत्येक जण 'नामदेव पायरी'ला वंदन करून आत जातो. सबंध कुटुंबाने एकाच वेळी देह ठेवला, या कथेची आजच्या काळी कल्पनाही अंगावर काटा आणते, पण पायरीच्या स्मरणात मरण मागे पडून फक्त नम्रता उरली आहे.

मंगळवेढ्याची कान्होपात्रा मात्र कुंभारकन्येच्या सर्वांत जवळची. पंधराव्या शतकातील ही गणिकेची मुलगी विठ्ठलभक्त झाली. बिदरच्या बहमनी बादशहाने तिला आपल्याकडे आणण्यासाठी माणसे पाठवली, तेव्हा ती पंढरपूरला विठ्ठलापाशी गेली आणि तेथेच तिचा अंत झाला. महीपतीने १७६२ च्या 'भक्तविजया'त तिचा प्राण विठ्ठलाच्या चरणी विलीन झाल्याचे वर्णन केले. इतर काही कथनांत तिने स्वतः प्राण दिल्याचे येते. मंदिराच्या आवारात तिची आठवण म्हणून तरटीचे झाड पूजले जाते. १९३१ मध्ये ना. वि. कुलकर्णी यांच्या नाटकातून बालगंधर्वांनी ती रंगभूमीवर उभी केली आणि घराघरांत पोहोचवली. कान्होपात्रेला नाव आहे, तिच्या नावावर अभंग आहेत, आणि तिच्या मरणाला कारणही आहे: सत्तेने एका स्त्रीला कोंडीत पकडले होते. 'विलीन झाली' या क्रियापदात ती कोंडी विरघळून जाते. बादशहाचा गुन्हा विठ्ठलाच्या कृपेत झाकला जातो, हा त्या सुंदर शब्दाचा दोष.

जैनांची सल्लेखना, म्हणजे गुरूच्या अनुमतीने, टप्प्याटप्प्याने आहार सोडून मरणाला सामोरे जाण्याचे व्रत, हा याच प्रश्नाचा अधिक शिस्तबद्ध पैलू. आचार्य शांतिसागर यांनी सोलापूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, कुंथलगिरी येथे, १८ सप्टेंबर १९५५ रोजी असा देह ठेवला. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी सल्लेखनेला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. जैनांचे म्हणणे असे की आत्महत्येत आवेग आणि राग-द्वेष असतात, सल्लेखनेत त्यांचा क्षय असतो. हा भेद त्यांच्या शास्त्रात पक्का आहे. कुंभारकन्येच्या कथेला मात्र तो लावता येत नाही, कारण तिच्या मनात आवेग होता की शांती, हे सांगणारे कोणीच नाही.

विसाव्या शतकात ही पवित्र शब्दांची ढाल गळून पडली, त्याचे उदाहरण साने गुरुजी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचने लिहून घेणाऱ्या या माणसाने १ ते १० मे १९४७ या काळात पंढरपूरला, विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून, प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले होण्याची वाट मोकळी केली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. या मृत्यूला समाधी म्हणता येत नव्हते, आणि राष्ट्र सेवा दलातील त्यांच्या माणसांनी तसे म्हटलेही नाही. त्यांनी गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक चालू ठेवले. आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी त्याची धुरा घेतली. मरणाचे वर्णन न करता माणसाचे अपुरे काम हाती घेणे, हे स्मरण या सर्व परंपरांतील सर्वांत निरोगी म्हणावे लागेल, जरी त्यातही त्यांच्या निराशेबद्दलचे मौन दीर्घकाळ राहिले. अशा निराशेला शिक्षेची नव्हे, आधाराची गरज असते, हे कायद्याला उमगायला फार वेळ लागला. १८६० च्या दंडसंहितेने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

सोलापूरच्या जानेवारीत आणखी एक स्मरण असते. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली, आणि शहर त्यांना 'चार हुतात्मे' म्हणते. 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेले, म्हणजे 'होम' आणि 'हुतात्मा' हे दोन्ही एकाच धातूचे. ज्या वर्षी संक्रांत १४ तारखेला येते, त्या वर्षी लिंगांच्या तैलाभिषेकाचा आणि या चौघांच्या स्मृतीचा दिवस एकच असतो. त्या चौघांना परक्या सरकारने मारले, त्यांचे मरण आपणहून घेतलेले नव्हते. तरीही भाषेने त्यांना होमाच्या रूपकात बसवले, आणि जिला खरोखर होमात पाहिले जाते तिला हुतात्मा कधी म्हटले नाही.

यात्रेच्या बाजूने एक गोष्ट निःसंकोच सांगितली पाहिजे. सतीशिळेने मरण दगडात गोठवले, पायरीने आणि झाडाने ते झाकले, परंतु सोलापूरच्या विधीने लग्न आणि आग ही दोन्ही लपवली नाहीत, ती दरवर्षी पुन्हा मांडली, आणि आग फक्त पेंढीपुरती ठेवली. जिवंत मुलीच्या जागी धान्याची पेंढी आली, यात समाजाचे एक शहाणपण आहे. उणीव आहे ती गर्दीच्या विभागणीत: अक्षतांना उसळणारा जनसागर त्या मुलीला वधू म्हणून जितका ओळखतो, तितका तो तिच्या अंताचा विचार करत नाही, आणि ती का गेली, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. पाचव्या दिवशी नंदीध्वजांवरील वस्त्रे उतरवली जातात; या विधीला 'कप्पडकळ्ळी' म्हणतात, आणि त्यानंतर वराचे दंड पुढच्या जानेवारीपर्यंत ठेवून दिले जातात. वधूसाठी पेंढी दरवर्षी नव्या बाजरीचीच घ्यावी लागते.